एडीएचडी असलेल्या मुलाला खेळात जागा मिळवून देताना : कोकणातल्या पालकांसाठी

मुलाला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, किंवा नुसती शंका जरी आली, की घरात पहिली चर्चा अभ्यासाची होते. अक्षर कधी सुधारणार, एका जागी बसून पाढे कधी म्हणणार. माझं मत वेगळं आहे. पहिलीतलं पोर वाचायला वर्षभर उशिरा लागलं तर ते भरून काढता येतं. वाडीतली पोरं त्याला खेळायला घेईनाशी झाली, ‘तो आला की पळा’ असं आपसात ठरवायला लागली, तर ते निस्तरणं फार जड जातं, आणि त्याबरोबर शाळेची गोडीही जाते. म्हणून ४ ते ८ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी लिहिताना मी सगळ्यात जास्त जागा खेळाला आणि सोबत्यांना देणार आहे.

मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. नवरा जहाजावर असतो, त्यामुळे वर्षातला बराच काळ घरात मी, सासूबाई आणि आमचा मुलगा. मुंबईत आठवड्याला दोन-तीनदा थेरपीला नेणारे पालक मला माहीत आहेत. आमच्याकडे तालुक्याला जायचं म्हणजे एसटी आणि अख्खा दिवस. खाली जे सांगते ते अशा घरात जमण्यासारखं आहे.

आधी काय समजून घ्यायचं

एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. लक्ष टिकवणं, अंगातली हालचाल आवरणं आणि मनात आलेलं करण्याआधी क्षणभर थांबणं, या तीन गोष्टी त्या मुलाला वयाच्या मानाने जड जातात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मेंदूचित्रणाच्या अभ्यासात दिसलं की या मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर, विशेषतः कपाळामागचा भाग, सरासरी ३ वर्षं उशिराने पक्व होतो. वाढ होते, पण उशिरा. आवर घालण्याच्या बाबतीत सात वर्षांच्या पोराकडून पाच वर्षांच्या पोराएवढीच अपेक्षा ठेवून बघा, घरातली आरडाओरड बरीच कमी होईल.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ‘ह्याचा बापूस पण लहानपणी अस्साच होता’ हे सासूबाईंचं वाक्य बऱ्याचदा खरं निघतं. मोबाइलमुळे एडीएचडी होत नाही, पण मोबाइल झोप आणि खेळ दोन्ही खातो, म्हणून तो कमी करायचा. साखरेबद्दलही तेच: मुलांना साखर आणि साखरेसारखा पर्याय देऊन केलेल्या चाचण्यांत वागण्यात फरक आढळला नाही. तेव्हा दृष्ट काढणाऱ्या आजीशी आणि लाडू देणाऱ्या काकीशी भांडण्यात ताकद घालवू नका. आजीला मीठ-मोहऱ्या ओवाळू द्या. मात्र डाग देणं, अंगारा खाऊ घालणं, भगताच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने थांबणं, याला ठाम नकार द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या मुलाला खेळाचे आणि वागण्याचे नियम माहीत असतात. ओटीवर बसवून विचारा, ‘बॅटिंगला आधी कोणाचा नंबर?’ तो बरोबर सांगेल. पाच मिनिटांनी खळ्यात जाऊन दुसऱ्याच्या हातातली बॅट हिसकावेल. तो खोटारडाही नाही आणि उर्मटही नाही. माहीत असलेली गोष्ट नेमक्या त्या क्षणी त्याच्या हाताशी येत नाही. म्हणूनच संध्याकाळी जेवताना दिलेलं लंबंचौडं भाषण वाया जातं, आणि दवाखान्याच्या खोलीत शिकवलेली ‘कृपया, मी खेळू का?’ ही वाक्यं खळ्यात पोचत नाहीत. शिकवायचं ते जिथे बिघडतं त्या जागी, बिघडायच्या जरा आधी, आणि अगदी थोडं.

काही मुलांचं मूळ वेगळं असतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग-हसू त्यांना वाचता येत नाही, एकटं राहणंच आवडतं, एकाच विषयावर बोलत राहतात, ठरलेला क्रम मोडला की कोसळतात. तिथे ऑटिझमचा विचार व्हायला हवा. दोन्ही एकत्र असू शकतं. २०१३ पासून निदानाच्या नियमावलीतही दोन्ही एकाच मुलात नोंदवता येतात. अशा खुणा दिसल्या तर डॉक्टरांना त्या मुद्दाम सांगा, कारण पुढची वाट थोडी बदलते.

निदान कुठे आणि कसं

निदान रक्त तपासून किंवा स्कॅन करून होत नाही. लक्षणं किमान ६ महिने टिकलेली हवीत, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यामुळे डॉक्टर शिक्षकांचंही मत मागतात, बऱ्याचदा छापील प्रश्नावली भरून. दोन आठवडे एका वहीत रोज दोन-तीन ओळी लिहा: काय झालं, आधी काय चाललं होतं, नंतर काय झालं, झोप किती. शाळेतल्या बाईंकडूनही चार ओळी घ्या. एवढं हातात असलं की तालुक्याची किंवा जिल्ह्याची एक फेरी वाचते.

त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. कमी ऐकू येणारं पोर ‘ऐकतच नाही’ म्हणून बदनाम होतं. रात्री घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, वाढलेले अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी), अंगात लोह कमी असणं, यानेही मूल चिडकं आणि बेचैन होतं.

खर्च न करता सुरुवात करायची तर अंगणवाडीताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित असतं, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी, भाषेतला उशीर, ऑटिझम हे सगळं आहे. पथक आलं तेव्हा मूल शांत बसलेलं असलं तर ‘काही नाही’ असा शेरा पडू शकतो, म्हणून त्या दिवशी स्वतः शाळेत जा आणि वही दाखवा. तिथून पुढची चिठ्ठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची मिळते. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला आपल्याकडे लोक बिचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ आहेत. केसपेपर काढून भेटायला जाण्यात कसलीही नामुष्की नाही. १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर फोनवर, मराठीत, विनाशुल्क बोलता येतं. तो फोन मुलासाठीच करायचा असंही नाही. रात्री साडेनऊला पोर एकदाचं झोपल्यावर रडू फुटणाऱ्या आईसाठीही तो आहे.

घरातली घडी

वय ६ च्या आत औषधाआधी पालकांनी वागणुकीचं प्रशिक्षण घ्यावं, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस असते. त्या प्रशिक्षणात जे शिकवतात त्याचा गाभा फार अवघड नाही, चिकाटी मात्र लागते.

सांगणं एका वेळी एकच, आणि जवळ जाऊन. ‘उठ, दात घास, आंघोळ कर, दप्तर भर’ हे मागच्या पडवीतून ओरडून सांगितलं तर त्यातलं शेवटचंसुद्धा उरत नाही. खांद्यावर हात, डोळ्याला डोळा, आणि ‘दात घास’. झालं की लगेच त्याच कामाचं नाव घेऊन शाबासकी. ‘शहाणा बाळ’ यातून त्याला काही कळत नाही. ‘पहिल्या हाकेला उठलास’ यातून कळतं.

बक्षीस ताबडतोब लागतं. रविवारी देऊ, परीक्षेनंतर देऊ, हे या मुलांच्या हिशेबात बसत नाही. आमच्याकडे काचेची बरणी आणि किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आहेत. ठरलेल्या दोन गोष्टी जमल्या की त्या क्षणी शिंपला बरणीत. पाच झाले की पेप्सीकोला, किंवा जेट्टीवर जाऊन लिलाव बघणं. बरणीत गेलेला शिंपला काढून घ्यायचा नाही, कितीही राग आला तरी.

रोज दहा-पंधरा मिनिटं पूर्ण त्याची. तो सांगेल तो खेळ, आपण शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाकीचं सगळं यावर उभं राहतं. मच्छीमार घरांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती पंधरा मिनिटं त्या दोन महिन्यांत बापाने आपल्याकडे घ्यावीत. जाळी विणता विणता नाही, जाळी बाजूला ठेवून.

मारू नका. मारून शिकायचं असतं तर ही मुलं वर्गात सगळ्यात शहाणी झाली असती, कारण सगळ्यात जास्त मार तीच खातात. त्याने कोणाला मारलं किंवा वस्तू फेकली तर त्या जागेवरून उचलून वयाएवढी मिनिटं शांत कोपऱ्यात, न बोलता. मग विषय संपला.

एकत्र घरात खरी अडचण वेगळीच. आई नाही म्हणते, आजी पदराआडून देते, आणि गणपतीला आलेले चाकरमानी काका कौतुकाने मोबाइल हातात ठेवतात. मोठ्यांची एक बैठक घ्या आणि फक्त दोन नियम सर्वांना पटवा. दहा पटवायला गेलात तर एकही राहणार नाही.

पाणी

इथे फक्त काटेकोरपणा हवा. विचार करण्याआधी पाय धावणारं पोर आणि विहीर, खाडी, समुद्र ही जोडी धोक्याची आहे. विहिरीला लोखंडी जाळी आणि कुलूप. किनाऱ्यावर एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी, हातात फोन न घेता. होडीत लाइफ जॅकेटशिवाय पाय नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि पावसाळ्यात समुद्रावर नेऊच नका. पोहायला जरूर शिकवा, पण पोहता आलं म्हणून एकटं सोडायचं नाही.

खेळ आणि सोबती

सुरुवात बघण्यापासून. दोन-तीन संध्याकाळी लांबून, पारावर किंवा गडग्याशी बसून, मध्ये न पडता बघा की नेमकं कुठे बिघडतं. खेळात शिरताना? थेट मध्ये घुसून चेंडू पळवतो का? नंबराची वाट बघताना? हरल्यावर? की इतरांना कंटाळा आला तरी हा आवाज करत राहतो? प्रत्येक मुलाचा मोडायचा सांधा वेगळा असतो, आणि एका वेळी एकच सांधा हातात घ्यायचा.

मग एक सोबती निवडा. एकच. वाडीतला सगळ्यात हुशार किंवा सगळ्यांचा लाडका पोरगा नव्हे. थोडा शांत, चटकन न रागावणारा, आपल्या मुलाला आवडणारा. वयाने वर्ष-दीड वर्ष लहान असला तरी उत्तम. ‘बारक्यांशी काय खेळतोस’ असं हिणवू नका, त्याच्या आवराचं वय तेवढंच आहे. वाडीची ही एक चांगली गोष्ट आहे की इथे पाचवीतलं आणि बालवाडीतलं पोर एकाच खळ्यात खेळतात. शहरातल्या सोसायटीत वयाच्या टोळ्या होतात.

त्या मुलाच्या आईशी सरळ बोला. मी असं म्हणते: ‘आमच्याला नंबर येईपर्यंत थांबणं जड जातं, शिकतोय तो. बुधवारी तुमच्या छोट्याला अर्धा तास पाठवता का? मी तिथेच बसणार आहे.’ रोगाचं नाव सांगायची गरज नाही. ‘मी तिथेच बसणार’ हे वाक्य मात्र हवं, त्याशिवाय कुठलीही आई पुन्हा पाठवणार नाही.

पहिली भेट आपल्या अंगणात, अर्ध्या तासाची. काय खेळायचं ते आधी ठरलेलं असावं. खेळाची निवड हा निम्मा विजय आहे, आणि इथे बहुतेक पालक चुकीच्या खेळापासून सुरुवात करतात: क्रिकेट. क्रिकेटमध्ये पोर तासभर उन्हात फील्डिंगला उभं, मग दोन चेंडूंत आउट. या मुलांसाठी याहून वाईट खेळ शोधूनही सापडणार नाही. आबाधोबीत चेंडू लागतो, मग हातघाई होते. ‘व्यापार’चा डाव अर्ध्या तासात संपत नाही. त्यापेक्षा वाळूचा किल्ला, चिखलात पाट काढून पाणी वळवणं, शिंपले वेचून रंगाप्रमाणे मांडणं, झोपाळा, सायकलचं टायर पळवणं, असे खेळ घ्या, जिथे दोघंही एकाच वेळी काहीतरी करत असतात आणि कोणी हरत नाही. हे जमलं की पकडापकडी, लगोरी. विषामृत मला खास आवडतं, कारण ‘विष’ म्हटलं की जागच्या जागी थांबावं लागतं आणि ‘अमृत’ द्यायला दुसऱ्याकडे धावावं लागतं: थांबणं आणि दुसऱ्याचा विचार, दोन्ही खेळता खेळता. घरात ‘स्टॅच्यू’ खेळा. क्रिकेट अगदी टाळता येत नसेल तर त्याला विकेटकीपर करा किंवा चुन्याच्या खुणा करून धावा मोजायला लावा. सतत काम मिळालं की तो टिकतो.

खेळ सुरू होण्याआधी एक मिनिट बाजूला घ्या. एकच गोष्ट सांगा: ‘आज चेंडू मागून घ्यायचा.’ एक खूण ठरवा. मी कान पकडते. कान पकडलेला दिसला की त्याने हात मागे बांधायचे. सगळ्यांसमोर नाव घेऊन टोकलं तर पोरं तेच नाव खेळात वापरतात. जमलं की जवळून जाता जाता हळूच, ‘मागून घेतलास.’ शिंपला नंतर बरणीत.

खेळ बिघडायच्या आधी थांबवा. चांगलं चाललंय, अजून दहा मिनिटं खेळू दे, हा मोह घात करतो. अर्धा तास झाला की ओल्या खोबऱ्याचे पोहे किंवा कोकम सरबत, आणि मग सोबत्याला घरी पोचवायचं. दोघांच्याही मनात ‘मजा आली’ एवढंच राहायला हवं. हळूहळू पाऊण तास, मग त्याच्या अंगणात, मग तिसरा मुलगा. तिसरा आला की दोघांचं गूळपीठ जमतं आणि एक बाहेर पडतो, आणि तो बाहेरचा बहुधा आपलाच असतो. त्या टप्प्यावर पुन्हा जवळ बसा.

चालू खेळात शिरणं वेगळं शिकवावं लागतं. आधी कडेला उभं राहून बघायचं, काय खेळतात ते ओळखायचं, चेंडू बाहेर आला तर आणून द्यायचा, मग डाव संपला की ‘मला घेता?’ नाही म्हटलं तर काय, हेही आधी ठरवा: ‘बरं, पुढच्या डावाला,’ म्हणून झोपाळ्यावर. नकार पचवण्याचा सराव घरी, आपण नाही म्हणायचं आणि त्याने ते वाक्य म्हणायचं. हरण्याचा सराव सापशिडीवर. डाव छोटा असतो, आणि नव्याण्णववरून घसरणं मोठ्यांच्याही नशिबी येतं. मी मुद्दाम हरून दाखवते आणि मोठ्याने म्हणते, ‘छ्या, राग आला. परत खेळू.’

मारामारी झालीच तर तिथल्या तिथे ‘सॉरी म्हण’ यावर अडून बसू नका. आधी शांत होऊ द्या, मग दुरुस्तीचं काम: मोडलेली पणती नवी नेऊन देणं, लागलेल्याला पाणी आणून देणं. कृतीतली माफी पोरंही लवकर स्वीकारतात.

शाळेत

आपल्या जिल्हा परिषदेच्या लहान शाळांना लोक नावं ठेवतात, पण कमी पटाची शाळा या मुलासाठी बऱ्याचदा चांगली असते. बाईंना तक्रार म्हणून भेटू नका, वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा. तीन गोष्टी मागा: पुढे, खिडकीपासून लांब जागा, उठून करायचं एखादं रोजचं काम, म्हणजे घंटा देणं, फळा पुसणं, पोषण आहाराची ताटं मांडणं, आणि वहीत रोज एक ओळ, काय बरं जमलं याची. वाईटाची ओळ नको, ती आपल्याला बाकीच्या गावाकडून कळतेच. मारणं आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलं आहे, हे माहीत असू द्या. पहिल्याच भेटीत ते तोंडावर फेकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम आहेत, नुसतं एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून वाचन-लेखनाचीही अडचण दिसत असेल तर तिची वेगळी तपासणी मागा.

गणपती आणि शिमगा

झोप मोडते, घर भरतं, ढोल वाजतात, आरती संपता संपत नाही. त्याच्या हातात झांज द्या आणि पुढे उभं करा. तीन आरत्या झाल्या की प्रसादाच्या वाट्या लावायला आत पाठवा; मंत्रपुष्पांजलीपर्यंत ताटकळत ठेवण्याचा हट्ट देवाचा नसतो. पाहुण्यांपासून लांब एक खोली किंवा माळा त्याच्यासाठी मोकळा ठेवा. शिमग्यात पालखी नाचवताना त्याला खांद्यावर घेणारा एक माणूस आधी ठरवा, आणि जत्रेत खिशात आपला फोन नंबर.

औषध

वयाच्या सहाव्या वर्षानंतर, किंवा त्याआधीही त्रास फार असेल तर, डॉक्टर औषध सुचवू शकतात. मिथाइलफेनिडेट हे नेहमीचं. ते शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं: चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक दुकानदार ठेवून घेतो, त्यामुळे गावातल्या दुकानात ते सहसा मिळत नाही. पुढचा साठा संपायच्या आधी पंधरा दिवस सोय बघा, पावसात घाट आणि रेल्वे बंद पडतात तेव्हा तर नक्कीच. भूक मंदावते, म्हणून गोळीआधी पोटभर न्याहारी आणि संध्याकाळी जास्तीचं खाणं. झोप, वजन, उंची, रक्तदाब यावर लक्ष. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल तर तो आधी सांगा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्याने व्यसन लागेल ही भीती सोडा. काहींना अ‍ॅटोमॉक्सेटिन देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. जाहिरातीतली ‘बुद्धिवर्धक’ सिरपं यातलं काहीही करत नाहीत.

गोळीने मित्र मिळत नाहीत. मूल थांबू शकेल अशी थोडी फट मिळते, त्या फटीत वरचा सराव करायचा असतो. म्हणून औषध सुरू झालं की बुधवारचा सोबती बंद करू नका, उलट तेव्हाच तिसरा मुलगा बोलवा.

पुढच्या तपासणीला जाताना वहीतून तीन गोष्टी काढून न्या: भांडण न होता किती वेळ खेळला, चिडल्यावर शांत व्हायला किती वेळ लागला, आणि आपण न बोलावता कोणी त्याला हाक मारायला दारात आलं का.